रेंजफाइंडर छायाचित्रकारांमधील परस्परसमीक्षा : स्वरूप, परंपरा आणि अध्यापनातील उपयोग

सारांश

रेंजफाइंडर कॅमेरा वापरणाऱ्या हौशी छायाचित्रकारांमध्ये आपली छायाचित्रे एकमेकांना दाखविण्याची व त्यांवर स्पष्टपणे बोलण्याची एक प्रथा दिसून येते. प्रस्तुत लेखात या प्रथेचा संबंध कॅमेऱ्याच्या रचनेशी कसा आहे हे स्पष्ट केले आहे. मुंबईतील छायाचित्रण संस्थांची परंपरा, सलोन स्पर्धांतील गुणांकन आणि काँटॅक्ट शीटचे सामूहिक वाचन यांचा आढावा घेऊन, निवाड्याआधी वर्णन करणारी समीक्षा अधिक उपयुक्त ठरते असे प्रतिपादन केले आहे. अखेरीस बुटीबोरी येथील एका अनुभवाच्या आधारे ही पद्धत महाविद्यालयीन अध्यापनात कशी उपयोजिता येईल याचा विचार केला आहे.

बीजशब्द : रेंजफाइंडर, छायाचित्र-समीक्षा, कॅमेरा क्लब, सलोन, काँटॅक्ट शीट, बुटीबोरी

१. प्रस्तावना

छायाचित्र काढणे आणि ते दुसऱ्यास दाखविणे या दोन क्रिया आज जवळजवळ एकच झाल्या आहेत. भ्रमणध्वनीवर टिपलेले दृश्य काही क्षणांत शेकडो परिचितांपर्यंत पोहोचते. परंतु दाखविणे वाढले म्हणून त्याविषयी बोलणे वाढले, असे म्हणता येत नाही. पाहणारा 'छान', 'अप्रतिम' असे शब्द लिहितो किंवा एखादे चिन्ह पाठवितो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. छायाचित्र काढणाऱ्यास समाधान मिळते. पण त्याने काय पाहिले, काय पाहावयाचे राहिले आणि पुढच्या वेळी कोठे उभे राहावे, याविषयी त्याला काहीही कळत नाही.

हा प्रश्न केवळ छायाचित्रणाचा नाही. महाविद्यालयात विद्यार्थ्याच्या लेखनाला, सादरीकरणाला किंवा प्रकल्पाला आपण जो प्रतिसाद देतो, तो बहुतेक वेळा दोनच प्रकारचा असतो : तोंडी कौतुक किंवा आकड्यातील गुण. या दोहोंच्या मध्ये जी जागा आहे, म्हणजे समोरच्या कृतीविषयी बरोबरीच्या नात्याने, आपुलकीने आणि तरीही परखडपणे बोलण्याची जागा, ती दिवसेंदिवस आक्रसत चालली आहे. मराठी साहित्यास ही जागा अपरिचित नाही. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील कवी एकत्र जमून आपल्या कविता एकमेकांसमोर वाचीत आणि त्यांवर चर्चा करीत. छायाचित्रणाच्या क्षेत्रात याच स्वरूपाची प्रथा रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या चाहत्यांमध्ये टिकून आहे. तिचा अभ्यास अध्यापकांस उपयुक्त ठरेल, अशी प्रस्तुत लेखामागील धारणा आहे.

२. उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(१) रेंजफाइंडर कॅमेऱ्याची रचना व त्यातून घडणारी पाहण्याची सवय स्पष्ट करणे.
(२) छायाचित्रे एकत्र पाहण्याच्या परंपरेचा, विशेषतः मुंबईतील संस्थांच्या संदर्भात, संक्षिप्त आढावा घेणे.
(३) स्पर्धेतील परीक्षण आणि परस्परसमीक्षा यांतील भेद दाखविणे.
(४) या पद्धतीच्या शैक्षणिक उपयोगाचा विचार करणे.

लेखाची पद्धत वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. ऐतिहासिक भागासाठी प्रकाशित माहितीचा आधार घेतला आहे. सातव्या भागातील विवेचन प्रस्तुत लेखकाच्या प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेले आहे.

३. रेंजफाइंडर कॅमेरा : रचना आणि दृष्टी

रेंजफाइंडर म्हणजे अंतर मोजणारी यंत्रणा. या कॅमेऱ्याच्या पुढील बाजूस दोन छोट्या खिडक्या असतात. एका खिडकीतून छायाचित्रकार समोरचे दृश्य पाहतो. काही अंतरावरील दुसऱ्या खिडकीतून येणारे त्याच दृश्याचे प्रतिबिंब अर्धपारदर्शक आरशाच्या साहाय्याने पहिल्या दृश्याच्या मध्यभागी एका लहानशा उजळ चौकोनात पडते. फोकस नसेल तेव्हा या चौकोनात वस्तू दुहेरी दिसते. लेन्सवरील कडे फिरविले की दोन्ही प्रतिमा एकमेकींजवळ सरकतात आणि त्या एकरूप झाल्या की अंतर अचूक जुळले असे समजावे. आपल्या दोन डोळ्यांना अंतराची जाणीव ज्या तत्त्वावर होते, त्याच त्रिकोणाच्या तत्त्वावर हे यंत्र चालते. दोन खिडक्यांमधील अंतर जितके जास्त, तितके मापन अधिक अचूक.

ओस्कार बारनाक यांनी जर्मनीतील वेट्झलार येथील लाइट्झ कारखान्यात घडविलेला लायका कॅमेरा १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत प्रथम विक्रीसाठी आला. चित्रपटाच्या ३५ मि.मी. फिल्मवर २४ × ३६ मि.मी. आकाराची प्रतिमा घेणारा हा कॅमेरा खिशात मावण्याजोगा होता. मात्र त्याला अंतरमापक जोडलेला नव्हता. १९३२ साली लायका २ आणि झाइस इकॉनचा काँटॅक्स या दोन कॅमेऱ्यांत अंतरमापक थेट लेन्सशी जोडला गेला. १९५४ साली लायका एम ३ आला. १९५९ मधील निकॉन एफनंतर व्यावसायिक छायाचित्रकार झपाट्याने एसएलआर कॅमेऱ्यांकडे वळले. तथापि रेंजफाइंडर नाहीसा झाला नाही. कॅनोनेट (१९६१), याशिका इलेक्ट्रो ३५ (१९६६) अशा जपानी कॅमेऱ्यांनी तो सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचविला. २००४ साली एप्सनचा आर-डी १ हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर बाजारात आला. लायकाच्या एम मालिकेतील रेंजफाइंडर कॅमेरे आजही तयार होतात.

एसएलआर कॅमेऱ्यात छायाचित्रकार लेन्समधून पाहतो. त्याला दिसणारी प्रतिमा आणि फिल्मवर उमटणारी प्रतिमा जवळजवळ एकच असते. रेंजफाइंडरमध्ये तसे नसते. येथे तो लेन्सच्या शेजारील स्वतंत्र खिडकीतून पाहतो. या भेदातून चार महत्त्वाच्या गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट अशी की, लायका एमसारख्या कॅमेऱ्यांच्या खिडकीत प्रकाशरेषांची चौकट दिसते आणि बहुतेक लेन्सच्या बाबतीत त्या चौकटीबाहेरचे दृश्यही दिसत राहते. डावीकडून कोणी चालत येत असेल, तर तो चौकटीत शिरण्यापूर्वीच नजरेस पडतो. त्यामुळे काय घ्यावे याइतकेच काय वगळावे याचाही निर्णय जाणीवपूर्वक घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे या खिडकीत पुढचे-मागचे सर्वच स्पष्ट दिसते. पार्श्वभूमी किती धूसर होईल हे आधी कळत नाही. ते अनुभवाने ओळखावे लागते. अनेक जण तर फोकस जुळविण्याऐवजी अंतराचा अंदाज घेऊन लेन्स आधीच लावून ठेवतात. ३५ मि.मी.ची लेन्स एफ ८ वर ठेवून अंतर ३ मीटर लावले, तर सुमारे १.९ मीटरपासून ७.३ मीटरपर्यंतचा भाग पुरेसा स्पष्ट येतो. हे गणित ज्याच्या अंगवळणी पडले आहे, त्यास कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वीच चित्र तयार ठेवता येते.

तिसरी गोष्ट अशी की, आत हलणारा आरसा नसल्याने छायाचित्र घेण्याच्या क्षणीही दृश्य झाकले जात नाही आणि आवाजही कमी होतो. समोरची व्यक्ती विचलित होत नाही. कधी कधी तिच्या लक्षातही येत नाही. या सोयीत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. त्याकडे आपण पुढे वळू.

चौथी गोष्ट मर्यादेची आहे. अगदी जवळच्या वस्तू आणि दूरदर्शी लेन्स यांसाठी हा कॅमेरा सोयीचा नाही. लेन्सवरचे झाकण काढावयाचे राहिले तरी खिडकीतून सर्व व्यवस्थितच दिसते. संपूर्ण रोल असा कोरा गेल्याची आठवण ज्याच्यापाशी नाही, असा रेंजफाइंडरचा हौशी विरळाच.

या चारही गोष्टींचे सार एकच : रेंजफाइंडर वापरणारा आपले चित्र पाहत नाही, तो समोरचे जग पाहतो आणि चित्राचा अंदाज बांधतो. अंदाज आणि परिणाम यांत अंतर राहते. हे अंतर जाणून घेण्यासाठी त्यास नंतर, शांतपणे आणि शक्यतो दुसऱ्याच्या डोळ्यांनी आपले काम पाहावे लागते. छायाचित्रे एकमेकांना दाखविणे हा या छंदाचा उत्तरार्ध आहे, असे म्हणता येते ते याच कारणाने.

४. छायाचित्रे एकत्र पाहण्याची मुंबईतील परंपरा

छायाचित्रे एकत्र बसून पाहण्याची प्रथा मात्र या कॅमेऱ्याहून बरीच जुनी आहे आणि महाराष्ट्रात ती दीडशेहून अधिक वर्षे चालत आलेली आहे. लंडनमध्ये १८५३ साली छायाचित्रण संस्था स्थापन झाली आणि लगेच पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे अस्तित्वात आली. संस्थेचे स्वतःचे नियतकालिक होते. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. पुढे व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून नावारूपास आलेले हरिश्चंद्र चिंतामण याच वर्गात शिकले. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून हौशी छायाचित्रकारांसाठी एक मासिक संग्रह प्रसिद्ध केला. त्यात छापील चित्रांऐवजी मूळ छायाचित्रे चिकटविलेली असत.

अध्यापकांच्या दृष्टीने येथे एक बाब लक्षणीय आहे. आपल्याकडे छायाचित्रण आले ते संस्था, नियतकालिक आणि वर्ग यांच्या सोबतीने. काच, रसायने व प्रकाश यांविषयीचे अनुभव एकमेकांस सांगितल्याशिवाय त्या काळी पुढे जाणेच शक्य नव्हते. चूक सर्वांसमोर मांडणे ही त्या काळाची गरज होती; त्यात कमीपणा नव्हता.

विसाव्या शतकात या परंपरेचे स्वरूप बदलले. १९३० च्या दशकात मुंबईत कॅमेरा पिक्टोरिअलिस्ट्स ऑफ बॉम्बे आणि फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया या संस्था उदयास आल्या. जहांगीर उनवाला हे या चळवळीतील एक प्रमुख नाव. १९५३ साली डॉ. जी. थॉमस यांच्या पुढाकाराने फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफीची स्थापना झाली आणि देशभरातील कॅमेरा क्लब एका सूत्रात आले. छायाचित्र हे केवळ नोंद नसून कला आहे, हे सिद्ध करणे हा या पिढीचा ध्यास होता. मऊ प्रकाश, संतुलित रचना आणि अंधारखोलीत परिश्रमपूर्वक घडविलेली ब्रोमाइड प्रिंट ही तिची वैशिष्ट्ये होत.

५. सलोनचे परीक्षण : सामर्थ्य आणि मर्यादा

या क्लबांच्या जीवनात सलोनला मध्यवर्ती स्थान लाभले. सलोन म्हणजे परीक्षकांनी निवडलेल्या छायाचित्रांची प्रदर्शन-स्पर्धा. स्पर्धक आपल्या प्रिंट पाठवितात; परीक्षक एकेक चित्र थोडा वेळ पाहून गुण देतात; गुणांची बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर चित्र 'स्वीकृत' होते. अशा स्वीकृतींच्या संख्येवर राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय महासंघांच्या उपाधी अवलंबून असतात.

या पद्धतीचे ऋण मान्य केले पाहिजे. लहान गावातील एखाद्या शिक्षकाचे किंवा कारकुनाचे चित्र परदेशातील भिंतीवर लागण्याची वाट तिने खुली केली. नाव न पाहता परीक्षण होत असल्याने वशिल्यास वाव कमी राहिला. तांत्रिक दर्जाही उंचावला. परंतु शिकण्याच्या दृष्टीने तिच्या तीन मर्यादा दिसून येतात.

एक, गुण हे उत्तर देतात, कारण देत नाहीत. नाकारलेले चित्र परत येते तेव्हा ते का नाकारले गेले हे बहुधा कळत नाही. दोन, परीक्षकांसमोर एकेक सुटे चित्र येते. त्याआधीचे व नंतरचे चित्र त्यांना दिसत नाही, त्यामुळे छायाचित्रकाराने कोणत्या पर्यायांतून ही निवड केली हे अज्ञातच राहते. तीन, काही सेकंदांत नजरेत भरणारे चित्र पुढे जाते आणि सावकाश उलगडणारे चित्र मागे पडते. परिणामी स्पर्धक पूर्वी स्वीकृत झालेल्या चित्रांसारखी चित्रे काढू लागतात. धुक्यातील होडी, सुरकुतलेला वृद्ध चेहरा आणि तिरप्या किरणांतून जाणारी गुरे यांची वारंवारता याचीच साक्ष देते.

रेंजफाइंडर वापरणाऱ्याची अडचण येथे अधिक तीव्र होते. त्याचे काम चालत्या-बोलत्या जीवनातून निवड करण्याचे आहे. कोठे उभा राहिलो, केव्हा थांबलो, काय वगळले हे त्याचे खरे प्रश्न. या प्रश्नांना दहापैकी सात असे उत्तर देता येत नाही.

६. काँटॅक्ट शीट : निवडीचे वाचन

या प्रश्नांना भिडणारी दुसरी परंपरा वृत्त-छायाचित्रणातून आली. ३५ मि.मी.च्या एका रोलवर ३६ चित्रे येतात. धुतलेल्या फिल्मच्या पट्ट्या थेट कागदावर ठेवून प्रकाशित केल्या की सर्व चित्रे मूळ आकारात, मूळ क्रमाने एका पानावर उमटतात. यालाच काँटॅक्ट शीट म्हणतात. लाल पेन्सिल व भिंग घेऊन ही पाने वाचणे हे संपादकांचे रोजचे काम असे. ज्याला काँटॅक्ट शीट वाचता येते, त्याला छायाचित्रकाराची पावले वाचता येतात : तो कोठून आला, कोठे घुटमळला, कधी घाबरला आणि कधी जवळ गेला.

१९४७ साली स्थापन झालेल्या मॅग्नम या छायाचित्रकारांच्या सहकारी संस्थेत ही वाचनाची रीत विशेष रुजली. तिच्या संस्थापकांपैकी एक, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, त्याच सुमारास भारतात आले. त्यांच्या हाती लायका होता. येथून पाठविलेल्या फिल्म पुष्कळदा परदेशात धुतल्या जात, म्हणजे छायाचित्रकाराआधी इतरांची नजर त्यांवरून फिरत असे. चित्राची रचना पारखण्यासाठी ते प्रिंट उलटी धरून पाहत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. चित्र उलटे केले की त्यातील गोष्ट क्षणभर बाजूला राहते आणि केवळ आकार उरतात. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या इंग्रजी शीर्षकावरून 'निर्णायक क्षण' ही संज्ञा रूढ झाली आणि एकाच अचूक क्षणी चित्र घडते असा समज पसरला. २०११ साली मॅग्नमच्या काँटॅक्ट शीटांचा मोठा संग्रह प्रकाशित झाला, तेव्हा गाजलेल्या अनेक चित्रांच्या मागेपुढे किती प्रयत्न होते हे सर्वांस पाहता आले. क्षण टिपला जातो हे खरे. पण तो निवडलाही जातो.

कार्तिए-ब्रेसाँ यांच्या भारतातील वास्तव्यातील एक प्रसंग या विषयाच्या दृष्टीने मननीय आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या काही वेळ आधी, ते दिल्लीतील बिर्ला भवनात महात्मा गांधींना भेटले. आदल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या आपल्या प्रदर्शनाची पुस्तिका त्यांनी गांधीजींना दाखविली. त्यांच्या कथनानुसार गांधीजींनी एकेक पान सावकाश, काही न बोलता पाहिले. शववाहिनीकडे पाहणाऱ्या एका माणसाच्या चित्रापाशी ते थांबले आणि या चित्राचा अर्थ काय, असे त्यांनी विचारले. तो माणूस पॉल क्लोदेल हा फ्रेंच कवी होता. उत्तर ऐकून गांधीजींनी मृत्यू हा शब्द तीनदा उच्चारला. त्यानंतर जे घडले त्यामुळे या प्रसंगाला वेगळेच गांभीर्य आले. तथापि समीक्षेच्या अंगाने पाहता त्यातील क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी सावकाश पाहणे, मग एका ठिकाणी थांबणे आणि मत देण्याऐवजी प्रश्न विचारणे.

७. परस्परसमीक्षेची पद्धत : बुटीबोरी येथील एक अनुभव

बुटीबोरी हे नागपूर–वर्धा मार्गावरील औद्योगिक वसाहतीचे गाव. या परिसरातील आम्ही पाच-सहा जण जुने रेंजफाइंडर कॅमेरे बाळगून आहोत. एक निवृत्त कलाशिक्षक, एक यंत्रतंत्रज्ञ, एक औषधविक्रेते, दोन अध्यापक. बहुतेकांचे कॅमेरे वडील किंवा काकांकडून आलेले. प्रस्तुत लेखकाकडील याशिका इलेक्ट्रो ३५ ला लागणारी जुन्या पद्धतीची बॅटरी आता मिळत नाही. तिच्या जागी छोट्या बॅटऱ्या बसविण्याची क्लृप्ती तंत्रज्ञ मित्राने करून दिली. महिन्यातून एका रविवारी प्रत्येकाने आपली काँटॅक्ट शीट व दोन प्रिंट घेऊन यावे, असा आमचा रिवाज आहे.

एडमंड फेल्डमन या अमेरिकन कलाशिक्षणतज्ज्ञांनी समीक्षेचे वर्णन, विश्लेषण, अर्थनिर्णयन व मूल्यमापन असे चार टप्पे सांगितले आहेत. आमच्या बैठकीचा क्रम साधारणतः तसाच आहे. त्यास दोन नियमांची जोड आहे. पहिला, चित्र काढणाऱ्याने सुरुवातीस काही बोलू नये. दुसरा, 'चांगले' आणि 'वाईट' हे शब्द चर्चेच्या अखेरीपर्यंत उच्चारू नयेत. नियम साधे आहेत. पाळणे मात्र कठीण जाते. 'काय दिसते ते सांगा' असे म्हटले की सुशिक्षित माणूसही लगेच 'गरिबीचे दर्शन घडते' असे काहीतरी सांगू लागतो. गरिबी दिसत नसते; चप्पल, धूळ, डबा, सावली दिसत असते. वर्णनाची शिस्त येथूनच सुरू होते.

एका बैठकीत प्रस्तुत लेखकाने पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्याबाहेर घेतलेले एक चित्र मांडले. पुढे एक कामगार, मागे गर्दी, कलता प्रकाश. ज्याची ओळख पटेल असा कोणताही तपशील येथे दिलेला नाही, त्याचे कारण पुढे येईल. रचनेविषयी मनात समाधान होते आणि ते कौतुकाच्या रूपाने परत मिळेल अशी अपेक्षाही होती. चर्चा मात्र वेगळ्या वाटेने गेली. वर्णन चालू असताना कलाशिक्षकांनी विचारले, "हा माणूस मान वळवून बघतो आहे, ती कोणाकडे?" चित्रात उत्तर नव्हते. त्यांनी काँटॅक्ट शीट मागितली. आधीच्या चित्रात तोच माणूस थेट कॅमेऱ्याकडे पाहत होता आणि त्याचा हात वर उचललेला होता. तो नमस्कार होता, उन्हाची तिरीप अडविणे होते, की नकार होता, यावर एकमत होईना. "हात वर केलेला सोडून मान वळविलेला का निवडलास?" असा दुसरा प्रश्न आला. 'तो अधिक सहज वाटला', हे उत्तर देताना ते अपुरे असल्याचे देणाऱ्याच्याच लक्षात आले.

प्रिंट घेऊन दोन संध्याकाळी त्याच ठिकाणी उभे राहिल्यावर तो गृहस्थ भेटला. कंत्राटदाराचा माणूस हजेरीची खूण म्हणून फोटो काढतो आहे असे वाटून त्याने हात वर केला होता. तो नकारच होता. त्याने प्रिंट घेतली, पुष्कळ वेळ पाहिली, घरी दाखवितो म्हणाला आणि चित्र इतर कोठे लावू नका, अशी विनंती केली. ते चित्र त्यानंतर कोठेही दाखविलेले नाही.

या अनुभवातून जे कळले ते कोणत्याही गुणांकनातून कळले नसते. स्पर्धेत ते चित्र कदाचित स्वीकृत झालेही असते, कारण नकाराचा पुरावा शेजारच्या चौकटीत होता आणि ती चौकट परीक्षकांपर्यंत पोहोचलीच नसती. चित्र काढणाऱ्याने नकळत तो पुरावा वगळला होता. मित्रांनी दोष दिला नाही. त्यांनी फक्त पाहिले आणि विचारले.

८. छायाचित्रातील अनुपस्थित पक्ष

छायाचित्राची चर्चा दोन पक्षांत होते : काढणारा आणि पाहणारा. ज्याचे चित्र आहे तो तिसरा पक्ष बहुधा तेथे नसतो. रेंजफाइंडरचा कमी आवाज व लहान आकार यांची चाहते प्रशंसा करतात. परंतु समोरच्यास न कळता चित्र घेता येणे हा गुण आहे की जबाबदारी, हा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला पाहिजे.

या संदर्भात बुटीबोरीहून वर्ध्याच्या वाटेने पुढे गेल्यावर लागणाऱ्या सेवाग्रामचे उदाहरण आठवते. गांधीजींचे नातलग कनू गांधी यांनी त्यांच्या अखेरच्या सुमारे दहा वर्षांची छायाचित्रे घेतली. त्यांचा कॅमेरा रेंजफाइंडर नसून रोलायफ्लेक्स होता. तो घेण्यासाठी घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले होते. गांधीजींनी परवानगी देताना तीन अटी घातल्या : फ्लॅश वापरावयाचा नाही, कोणास विशिष्ट पद्धतीने उभे राहावयास सांगावयाचे नाही आणि या कामासाठी आश्रमाचा पैसा मिळणार नाही. उपलब्ध प्रकाश व अकृत्रिमता ही जी मूल्ये रेंजफाइंडरचे चाहते आपली मानतात, ती येथे अटींच्या रूपाने आली. मात्र या अटी ज्याचे छायाचित्र काढावयाचे त्याने घातल्या होत्या. कारखान्याबाहेर भेटणाऱ्या माणसाला अशी अट घालण्याची संधी नसते. ती संधी त्यास मिळवून देणे हे समीक्षकमंडळाचे काम आहे. 'त्याला हे चित्र दाखविले का?' हा प्रश्न प्रत्येक चर्चेच्या शेवटी विचारला जावा, असा पायंडा आम्ही त्यानंतर पाडला.

९. महाविद्यालयीन अध्यापनातील उपयोग

वरील पद्धत राबविण्यासाठी जुना कॅमेरा किंवा फिल्म असणे आवश्यक नाही. विद्यार्थ्यांच्या हातातील भ्रमणध्वनी पुरेसा आहे. समाजशास्त्र, भूगोल, वृत्तपत्रविद्या, मराठी अशा विषयांत पुढील स्वरूपाचा उपक्रम घेता येईल.

(१) विद्यार्थ्याने एक उत्तम चित्र न आणता एकाच विषयाची सलग बारा चित्रे, काहीही न पुसता, आणावीत. बाजार, बसस्थानक, शेत, ग्रंथालय असा कोणताही विषय चालेल.
(२) त्यातील एक चित्र निवडून निवडीचे कारण आधी लिहून ठेवावे, परंतु सांगू नये.
(३) इतरांनी प्रथम केवळ वर्णन करावे, नंतर अर्थ लावावा आणि शेवटी शेजारच्या चौकटी पाहून निवडीविषयी प्रश्न विचारावेत.
(४) विद्यार्थ्याने आपले लिखित कारण वाचावे व ते अजूनही पटते का, हे सांगावे.
(५) चित्रातील व्यक्तीची संमती व तिला चित्र दाखविले की नाही, याची नोंद करावी.

भाषेच्या अध्यापकास हाच क्रम निबंधाच्या कच्च्या मसुद्यांसाठी वापरता येईल. अंतिम निबंधावर गुण देताना आपण स्वीकृत चित्र पाहतो. खोडलेले परिच्छेद म्हणजे त्याची काँटॅक्ट शीट होय. विद्यार्थी काय वगळतो आणि का, हे कळले तर त्याच्या विचाराची दिशा कळते.

या उपक्रमात अध्यापकाने परीक्षकाची खुर्ची सोडून वर्तुळात बसणे अपेक्षित आहे. शक्य तर स्वतःची चित्रे अथवा मसुदाही त्याने मांडावा. आपल्या चुकीविषयी चारचौघांत बोलणारा अध्यापक पाहिल्याशिवाय विद्यार्थी आपली चूक उघड करील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात हे एकाच वेळी शक्य नाही, हेही मान्य केले पाहिजे. सात-आठ जणांचे गट करून आळीपाळीने बैठका घेणे हा त्यावरील व्यवहार्य उपाय आहे.

१०. निष्कर्ष

(१) रेंजफाइंडर कॅमेऱ्यात छायाचित्रकार प्रत्यक्ष प्रतिमा न पाहता तिचा अंदाज बांधतो. म्हणून इतरांसमवेत चित्रांचे वाचन हा त्याच्या साधनेचा आवश्यक भाग ठरतो.
(२) मुंबईत १८५४ पासून छायाचित्रणाचा विकास संस्था, नियतकालिक व वर्ग यांच्या आधारे झाला. अनुभवांची देवाणघेवाण ही आपली जुनी परंपरा आहे.
(३) सलोनच्या परीक्षणाने दर्जा व संधी दिली, परंतु कारणमीमांसा दिली नाही.
(४) काँटॅक्ट शीटच्या वाचनातून निवडीची प्रक्रिया उघड होते आणि निवडीतून छायाचित्रकाराची वृत्ती.
(५) छायाचित्रातील अनुपस्थित व्यक्तीचा विचार केल्याशिवाय समीक्षा पूर्ण होत नाही.
(६) ही पद्धत अल्प खर्चात महाविद्यालयीन अध्यापनात उपयोजिता येण्यासारखी आहे.

रेंजफाइंडरच्या खिडकीत दोन प्रतिमा एक झाल्या की अंतर कळते. एकाच खिडकीतून पाहणाऱ्यास ते कळत नाही. आपल्या कामापासून आपण किती दूर किंवा जवळ आहोत, हे समजण्यासाठीही दुसऱ्याची नजर लागते. ती नजर उपलब्ध करून देणारी बैठक आपल्या महाविद्यालयांत पुन्हा भरावी, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.